मिल्ड्यूरात द्राक्षांच्या हंगामाला जाताय?

मेलबर्नहून मिल्ड्यूरा साधारण 540 किलोमीटर. थेट रेल्वे नाही. काही अंतर व्ही-लाइनच्या, म्हणजे व्हिक्टोरिया राज्याच्या रेल्वेसेवेच्या, ट्रेनने जायचं, पुढे त्यांचीच बस. 2023 पासून व्हिक्टोरियात लांबच्या प्रवासाला मेलबर्न शहरातल्या दिवसभराच्या तिकिटापेक्षा जास्त पडत नाही, त्यामुळे दिवसभराचा प्रवास फार स्वस्तात झाला. जागा मात्र आधी राखून ठेवा.

मी ऑस्ट्रेलियात गेलो वर्क अँड हॉलिडे व्हिसावर, म्हणजे सबक्लास 462. भारतीयांना तो 2024 पासून मिळतो. वर्षाला 1000 जागा, वय 18 ते 30, आणि अर्ज करायची संधी सोडतीतून. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक भागात ठरावीक प्रकारचं तीन महिन्यांचं काम दाखवावं लागतं. शेतीकाम त्यात मोडतं, म्हणून मरे नदीकाठचं हे गाव निवडलं. नदीच्या पाण्यावर मैलोन्‌मैल द्राक्षबागा आहेत आणि फेब्रुवारीत तोडणी जोरात असते.

पहिल्याच आठवड्यात माझी चूक झाली. ‘राहा आमच्याकडे, काम आम्ही लावून देऊ’ असं सांगणाऱ्या एका हॉस्टेलला दोन आठवड्यांचं भाडं आगाऊ दिलं. रोज संध्याकाळी फळ्यावर दुसऱ्या दिवशीच्या कामाची नावं लागायची. आठ दिवस माझं नाव नव्हतं. नवव्या दिवशी लागलं ते रोखीने पैसे देणाऱ्या एका कंत्राटदाराकडे. पगारपत्रक मागितलं तर म्हणाला, एबीएन काढ. एबीएन म्हणजे स्वतःचा धंदा करणाऱ्याचा नंबर. बागेत दुसऱ्याच्या हाताखाली घड तोडणारा मजूर व्यावसायिक कसा होईल? मी नकार दिला. तो देता आला, कारण खिशात आणखी सहा आठवडे निघतील एवढे पैसे होते. तेवढे गाठीशी असल्याशिवाय छोट्या गावात जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. माझ्या खोलीतली दोन मुलं त्याच्याकडे गेली, कारण त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. पगारपत्रक नसेल तर दुसऱ्या व्हिसासाठी त्या दिवसांचा पुरावा दाखवणं फार अवघड होऊन बसतं.

तेव्हा कामाच्या मागे धावण्याआधी कागदपत्रं उरकून घ्या. सिमकार्ड, बँक खातं आणि टीएफएन, म्हणजे करखात्याचा नंबर. तो ऑनलाइन आणि फुकट मिळतो. तो काढून देण्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका. यायला 28 दिवसही लागू शकतात, म्हणून पोहोचल्या दिवशीच अर्ज करा. टीएफएन न दिल्यास कर सर्वांत वरच्या दराने कापला जातो. तो दिला आणि मालकाने करखात्याकडे या व्हिसाच्या कामगारांसाठी नोंदणी केलेली असेल, तर 45,000 डॉलरपर्यंत 15 टक्के.

खोलीचं नीट बघा. घर भाड्याने देणारा बॉण्ड, म्हणजे अनामत रक्कम, घेत असेल तर तो 10 कामकाजाच्या दिवसांत रेसिडेन्शियल टेनन्सीज बॉण्ड ऑथॉरिटीकडे जमा करायला बांधील असतो. पावती आली नाही तर विचारा. मला खोली ग्रंथालयातल्या सूचनाफलकावर सापडली. तिथे वाय-फाय आणि गारवा, दोन्ही मिळतं. सायकल घेतलीत तर हेल्मेट सक्तीचं.

नवी जागा मिळाल्यावर बागांना स्वतः फोन केले. चौथ्या फोनला काम मिळालं.

टेबल ग्रेप्सची, म्हणजे खायच्या द्राक्षांची, तोडणी लांबून सोपी वाटते. घड देठालाच धरायचा. मण्यांवर पांढुरकी झाक असते, बोट लागलं की ती पुसली जाते आणि पेटी खालच्या दर्जात जाते. मग घड डोळ्यांसमोर फिरवून छोट्या कात्रीने सडके, चिरलेले, बारीक मणी काढायचे, शेजारच्या मण्याला टोक न लागू देता. पहिल्या दिवशी एका घडाला माझी चार-पाच मिनिटं जायची. मुकादम बाई काही न बोलता शेजारी उभ्या राहिल्या आणि घड फिरवण्याऐवजी मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं. आठवड्याभरात हात बसला.

मजुरी पेटीवर असली तरी 2022 पासून फळबागांत तासाच्या किमान दराखाली जाता येत नाही. देशाचं किमान वेतन 1 जुलै 2025 पासून तासाला 24.95 डॉलर आहे आणि कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या, कामगाराला 25 टक्के वाढीव मिळतात. म्हणून तास रोज वहीत लिहा. माझी वही पगारपत्रकाशी जुळली नाही तेव्हा एका दुपारच्या बोलण्यात तीन तासांचे पैसे परत मिळाले. तसं न झाल्यास फेअर वर्क ओम्बड्समन, म्हणजे मजुरीच्या तक्रारी बघणारं सरकारी कार्यालय, फुकट मदत करतं. सुपर, म्हणजे तिथला भविष्यनिर्वाह निधी, मालकाने 12 टक्के वेगळा भरायचा असतो. देश सोडल्यावर तो मागता येतो, पण त्यातले 65 टक्के करात जातात. त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

उन्हाबद्दल थोडं. फेब्रुवारीत पारा चाळिशीपार जातो, म्हणून काम पहाटे सुरू होतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद टोपी आणि तीन लिटर पाणी लागतंच. मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, आपल्याला लागू नाही आणि व्हिक्टोरियात रुग्णवाहिकेचंही बिल येतं, त्यामुळे विमा घ्याच.

निघताना बागेच्या मालकिणीने एक पेटी हातात दिली. मी ती घरातल्यांना वाटून टाकली. ॲडलेडच्या रस्त्यावर यांबाला फळमाशीची तपासणी चौकी आहे आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात फळं नेऊ देत नाहीत. शेवटचा घड मात्र बसची वाट बघताना थांब्यावरच संपवला.