फ्रँकफुर्ट गॅलेक्सीच्या एक्केचाळीस कॅसेट

जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवून देण्याचे काम मी फ्रँकफुर्टमधील एका लहानशा दुकानात गेली अकरा वर्षे करतो आहे. त्याआधी पुण्यात लग्नाच्या कॅसेटचे एडिटिंग करत होतो, त्यामुळे हात यंत्रांना सरावलेला होता. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात, त्यात घाई चालत नाही, आणि म्हणून परक्या घरांतील बाप्तिस्मे, वाढदिवस आणि समुद्रकाठच्या सुट्ट्या मी नको तितक्या जवळून पाहिल्या आहेत. एकाच खेळाच्या एकाच संघाच्या एक्केचाळीस कॅसेट घेऊन येणारे गिऱ्हाईक मात्र मला एकदाच भेटले.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ट्राम चालवण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बाटल्यांचा जुना प्लास्टिकचा क्रेट काउंटरवर ठेवून उभे राहिले. क्रेटमध्ये व्हिडिओ-एट, हाय-एट आणि मिनी-डीव्ही अशा तीन पिढ्यांच्या कॅसेट होत्या आणि प्रत्येकीच्या पट्टीवर जांभळ्या शाईत तारीख, प्रतिस्पर्धी आणि गुणसंख्या लिहिलेली होती. जांभळा आणि नारिंगी हे फ्रँकफुर्ट गॅलेक्सी या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघाचे रंग होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. काम ४ नोव्हेंबरपर्यंत हवे, असे त्यांनी बजावले. दुसऱ्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, शहराच्या मैदानावर मायामी डॉल्फिन्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स यांचा एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतील या खेळाच्या मुख्य लीगचा सामना होता, त्यांचा नातू तो पाहायला जाणार होता, आणि या मैदानावर हा खेळ पहिल्यांदाच येतो आहे असे त्या मुलाला वाटत होते. तो समज त्यांना सामन्याआधी दूर करायचा होता.

काम हाती घेतले की मी आधी वर्षवार फोल्डर करतो. पहिली कॅसेट १९९१ ची आणि शेवटची २००७ ची, म्हणून सतरा फोल्डर केले, आणि कॅसेट लावून ठेवताना लक्षात आले की १९९३ आणि १९९४ या वर्षांची एकही कॅसेट नाही. आमच्या धंद्यात हरवलेल्या कॅसेटसारखे भांडणाचे दुसरे कारण नाही, तेव्हा त्याच संध्याकाळी मी त्यांना फोन केला. ते हसले आणि म्हणाले, “काही हरवलेले नाही. त्या दोन वर्षांत संघच नव्हता.”

पुढचा पाऊण तास मी फोन कानाला धरून बसलो. १९९१ मध्ये एनएफएलच्या पाठिंब्याने वर्ल्ड लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात दहा संघ होते, त्यांपैकी सात उत्तर अमेरिकेतील आणि लंडन, बार्सिलोना व फ्रँकफुर्ट हे तीन युरोपातील. फ्रँकफुर्टची निवड ओढूनताणून केलेली नव्हती. महायुद्धानंतर या शहरात अमेरिकी सैन्याचा मोठा तळ होता, आणि जर्मनीतील पहिला अमेरिकन फुटबॉल क्लब, फ्रँकफुर्टर लोवेन, १९७७ मध्ये इथेच निघाला होता. युरोपात प्रेक्षक आले, अमेरिकेत आले नाहीत. दोन हंगामांनंतर लीग थांबवण्यात आली, आणि १९९५ मध्ये ती परतली ती फक्त युरोपातल्या सहा संघांची होऊन.

१९९१ च्या कॅसेटने मला चांगलेच दमवले. तीस वर्षांनी टेपवरचा थर सुटू लागतो, त्याची भुकटी यंत्राच्या हेडवर बसते आणि चित्राच्या जागी नुसता पांढरा पाऊस दिसतो. दर सात-आठ मिनिटांनी यंत्र थांबवायचे, हेड पुसायचे, टेप थोडी मागे घ्यायची आणि पुन्हा सुरू करायचे, असे करत मी २३ मार्च १९९१ चा सामना उतरवला. त्या लीगच्या इतिहासातील तो पहिलाच सामना, आणि लंडन मोनार्क्सने तो २४–११ असा जिंकला. चित्रात खेळ थोडाच दिसतो. आपल्या बाजूने टाळ्या केव्हा वाजवायच्या हे न कळून शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहणारे प्रेक्षकच अधिक दिसतात. चार-पाच वर्षांनंतरच्या कॅसेटमध्ये हेच लोक चेंडू आपल्या संघाकडे असला की गप्प बसतात आणि प्रतिस्पर्ध्याकडे गेला की कानठळ्या बसवतात. प्रतिस्पर्ध्यांच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूच्या, सूचना त्याच्याच साथीदारांना ऐकू जाऊ नयेत, हे गणित तोवर स्टँडमधील आजीबाईंनाही समजलेले होते.

सामन्याआधी मैदानाबाहेर संगीत आणि खाण्यापिण्याची जत्रा भरत असे, तिला पॉवर पार्टी म्हणत, आणि आमच्या गृहस्थांनी खेळाइतकीच टेप तिच्यावर खर्च केली होती. मला त्याचे नवल वाटेनासे झाले, कारण जपून ठेवण्याजोगे, दरवर्षी तेच राहणारे असे त्या संघात फारसे काही नव्हते. एनएफएलचे संघ आपले राखीव खेळाडू वसंतात दहा आठवड्यांसाठी युरोपात पाठवत, ते तयार झाले की परत बोलावत, आणि पुढच्या एप्रिलला फ्रँकफुर्टच्या मैदानावर निराळेच चेहरे उतरत. १९९९ च्या कॅसेटमध्ये दिसणारा क्वार्टरबॅक जेक डेलोम पाच वर्षांच्या आत कॅरोलिना पँथर्सला सुपर बोलपर्यंत, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. मारिओ बेली हा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, तेवढा १९९५ पासून सलग सहा हंगाम आला, आणि त्याचे नाव पुकारले गेले की कॅमेरा धरणाऱ्याचा हात हटकून हलतो.

अशा उसन्या खेळाडूंवर गॅलेक्सीने १९९५, १९९९, २००३ आणि २००६ अशी चार विजेतेपदे मिळवली. लीगच्या पंधराही हंगामांत खेळलेला एकमेव संघ तोच. लंडन, बार्सिलोना आणि स्कॉटलंडचे संघ एकेक करून बंद झाले, त्यांच्या जागी बर्लिन, कलोन आणि हॅम्बुर्ग आले, आणि अखेरीस ॲम्स्टरडॅमचा अपवाद सोडता ही युरोपची लीग जर्मनीची होऊन राहिली. फ्रँकफुर्टच्या घरच्या सामन्यांना ३०,००० च्या आसपास गर्दी होत होती. आमच्या पुण्याचा वॉरियर्स संघ आयपीएलमध्ये २०११ ते २०१३ असे तीनच हंगाम टिकला, आणि तो गेल्याचे दुःख झालेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही, हे मी त्यांना सांगितले नाही.

गुरुवार, २ नोव्हेंबरला शेवटची कॅसेट तेवढी उरली होती. तिच्यावर २३ जून २००७, हॅम्बुर्ग सी डेव्हिल्स, २८–३७ असे लिहिलेले होते. यंत्रात घातली तर चित्राचे चौकोनी तुकडे उडू लागले आणि आवाज तुटत राहिला. हेड पुसले, दुसरे यंत्र लावले, टेप पुढे-मागे फिरवून तिचा ताण सारखा केला, पण फरक पडला नाही. दुपारी बारा वाजता ‘टेप खराब झाली आहे’ असे कळवण्यासाठी मी फोन उचलला, आणि क्रमांक शोधताना कॅसेटच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेली एल आणि पी ही दोन अक्षरे दिसली. ती सकाळीच पाहायला हवी होती. साठ मिनिटांच्या मिनी-डीव्हीवर नव्वद मिनिटे बसवायची तर टेप संथ गतीने चालवून एलपी पद्धतीने मुद्रण करतात, त्यात रेघा इतक्या दाट पडतात की पुष्कळदा ज्या कॅमेऱ्याने चित्रण केले तोच कॅमेरा ती टेप धड वाचू शकतो. मी त्यांना जुना कॅमेरा आहे का एवढेच विचारले. तासाभरात ते तो फडक्यात गुंडाळून घेऊन आले. बॅटरी मेलेली होती, चार्जरची तार एका जागी चिकटपट्टीने बांधलेली होती, पण कॅमेरा चालू झाला आणि चित्र स्थिर आले.

ते गेले नाहीत, स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. अंतिम सामना घरच्या मैदानावर, ४८,००० हून अधिक प्रेक्षक, आणि संघ हरतो आहे. खेळ संपल्यावर कॅमेरा वळतो, जांभळा शर्ट घातलेल्या चार-पाच जणांवर येतो, आणि त्यांतील एक जण ग्लास उंचावून म्हणतो, “बिस नेक्स्टेस यार!” पुढच्या वर्षी भेटू. पुढचे वर्ष येणार नव्हते. सहा दिवसांनी, २९ जूनला, एनएफएलने लीग बंद केल्याचे जाहीर केले. दर हंगामाला सुमारे तीन कोटी डॉलरचा तोटा होत असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या, आणि राखीव खेळाडूंची शाळा परदेशात चालवण्यापेक्षा मुख्य लीगचेच सामने परदेशात नेणे एनएफएलला परवडणारे वाटले. त्याच ऑक्टोबरमध्ये नियमित हंगामातला तसा युरोपातील पहिला सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर झाला, आणि त्यात न्यूयॉर्क जायंट्सकडून हरलेला संघ मायामी डॉल्फिन्सच होता. “आणि रविवारी तोच इथे येतो आहे,” गृहस्थ म्हणाले. “हिशेब नीट केला त्यांनी. फक्त आम्हाला सोळा वर्षे लागली.” त्यांच्या बोलण्यात राग होता की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण त्यांचे डोळे पडद्यावर होते. (रविवारी डॉल्फिन्स इथेही हरले, २१–१४.)

गॅलेक्सीच्या चाहत्यांनी २००७ मध्येच युनिव्हर्स नावाचा क्लब काढला, आणि २०२१ मध्ये नव्या युरोपीय लीगमध्ये गॅलेक्सी हे नावही परत आले. त्या संघाने पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात हॅम्बुर्गलाच ३२–३० असे हरवले. तो सामना आमच्या गृहस्थांनी मोबाइलवर पाहिला होता. चांगला झाला, इतकेच ते बोलले आणि मग पडद्यावरच्या पंचांना नावे ठेवत बसले.

शनिवारी हार्ड डिस्क घ्यायला आले तेव्हा रेल्वे स्थानकाच्या बाजूने लाल आणि हिरवट निळ्या जर्सी घातलेल्यांचे थवे येत होते. मी त्यांना फोल्डर उघडून दाखवले आणि १९९३ व १९९४ हे रिकामे दोन पुसून टाकू लागलो. त्यांनी माझा हात थांबवला. त्या दोन उन्हाळ्यांत ते गावातल्या हौशी क्लबांचे सामने पाहायला जात असत, कॅमेरा तेव्हा दुरुस्तीला होता, पण साध्या कॅमेऱ्याचे काही फोटो घरी असतील. सोमवारी त्यांनी लिफाफा आणून दिला. तेवीस फोटो निघाले, त्यांपैकी सहांमध्ये बोट आलेले होते. ते सगळे मी स्कॅन करून दिले.