घरात राहून काम करणाऱ्या बाईचा पगार कागदावर आणताना

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घरात राहून काम करणारी बाई हवी झाली. पुण्यातल्या एका एजन्सीने झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातली एकजण पाठवली. पगार 15,000, करार अकरा महिन्यांचा, कमिशन वेगळं, आणि पहिल्या तीन महिन्यांचा पगार एजन्सीच्या खात्यात भरायचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

यातली शेवटची अट सगळ्यात घातक. गाडीभाडं, कपडे, गावी दिलेले पैसे असं सगळं 'आगाऊ' म्हणून तिच्या नावावर चढतं आणि ते फिटेपर्यंत तिच्या हातात एक रुपया येत नाही. मध्येच काम सोडलं तर तीच देणेकरी ठरते. आम्ही कमिशन पावती घेऊन दिलं, तिच्याकडून काहीही वसूल करणार नाही असं एजन्सीकडून लिहून घेतलं आणि पगार फक्त तिच्याच खात्यात जाईल हे पक्कं केलं. थोडी ओढाताण झाली, पण मानलं त्यांनी.

दुसरी गोष्ट वयाची. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी असेल तर ती अंदाजाने टाकलेली असू शकते. शाळा कोणत्या वर्षी सोडली, धाकट्या भावंडांची वयं किती, मतदान केलंय का, हे सहज गप्पांत विचारावं. अठराच्या आतली वाटली तर ठेवूच नये. पोलिस पडताळणीसाठी आधारची झेरॉक्स पुरते. मूळ कार्ड तिच्याच पिशवीत राहिलं पाहिजे.

पगार किती द्यायचा? कर्नाटकात घरकामाला 2004 पासून किमान वेतन आहे, महाराष्ट्रात तसा दर ठरलेला नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांच्या कायद्यासाठी समिती नेमायला सांगितलं, पण आईला अंथरुणातून उठवायचं होतं आजच. म्हणून सोसायटीतले सुट्या कामांचे दर विचारून बेरीज केली. भांडी 1,500, झाडू-फरशी 1,800, दोन वेळच्या पोळ्या-भाजी 5,500, आणि आईची आंघोळ, औषधं, वॉकर धरून चालवणं यासाठी अर्धा दिवस येणाऱ्या ताईंचा दर 10,000. झाले 18,800. शिवाय रात्री ती घरात असते, तिच्या भरवशावर आपण झोपतो. त्याचे धरून 21,000 ठरवले. जेवण आणि राहणं यातून कापलं नाही. ती इथे राहते ती आपल्या सोयीसाठी.

21,000 ला तीसने नाही, सव्वीसने भागायचं, कारण आठवड्याची सुटी भरपगारी. दिवसाचे 808, आठ तासांच्या हिशेबाने तासाचे 101, जादा तासाला दुप्पट म्हणजे 202. सुटीच्या दिवशी काम पडलंच तर त्या दिवसाचेही दुप्पट. हे हिंदीत एका पानावर लिहिलं. तिच्या मोठ्या बहिणीला फोन लावून स्पीकरवर वाचून दाखवलं, दोघींचं सादरी या त्यांच्या बोलीत बोलणं होऊ दिलं आणि दुसऱ्या दिवशी सह्या केल्या. लगेच सही मागितली की समोरचं माणूस भिडेपोटी करून टाकतं.

पगारापेक्षा अवघड निघाले ते तास. सकाळी साडेसहा ते साडेनऊ, अकरा ते एक, संध्याकाळी पाच ते आठ असे आठ तास ठरवले. मधल्या वेळात हाक मारायची नाही, हेच घरातल्यांना जमेना. 'जरा चहा टाकतेस का' हे आपल्याला काम वाटतच नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे दोनशे पानी वही दोरीने लटकवली. रकाने होते कामाला लागली, थांबली, रात्रीची जाग, सही. पहिले दोन आठवडे ती रोज तीच ठरलेली वेळ लिहायची, जास्त लिहिलं तर आम्हाला राग येईल म्हणून. मग तिला काही लिहायलाच लावलं नाही. आईच्या उशाशी घंटी होती. रात्री घंटी वाजली की पेन्सिलीने एक उभी रेघ, बस. महिनाअखेर रेघा मोजल्या, 41. एका वेळच्या उठण्याला अर्धा तास धरला तर साडेवीस तास, म्हणजे 4,141 रुपये. ते दिलेच, पण त्या रेघा बघून आम्ही भावंडांनी आठवड्यातल्या तीन रात्री वाटून घेतल्या. वही नसती तर ती इतक्या वेळा उठते हे आम्हाला कळलंच नसतं.

खात्याचं काम सर्वांत रेंगाळलं. तिचं गावी जनधन खातं होतं, पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर भावाचा आणि एटीएम कार्डही त्याच्याचकडे. म्हणजे ओटीपी भावाला, पैसेही भावाला. तिला विचारलं तेव्हा 'वेगळं खातं पाहिजे' असं हळूच म्हणाली. नवं सिमकार्ड तिच्या नावावर घेताना अंगठा जुळेना. भांड्यांच्या साबणाने आणि फरशीच्या पाण्याने तिच्या बोटांच्या टोकांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. घासून पुसून, दुसरी बोटं लावून सहाव्या प्रयत्नात जमलं. आधार केंद्रात मोबाइल नंबर बदलताना डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटली. बोटं चालत नसतील तर तसं आधीच सांगावं. बँकेत काउंटरवर पुण्याच्या पत्त्याचा पुरावा मागितला. आधारवरचा पत्ता गावचा असेल तर सध्याच्या पत्त्याचं स्वतःच्या सहीचं घोषणापत्र चालतं, हे व्यवस्थापकांना भेटून सांगितल्यावर खातं उघडलं. तिथेच 20 रुपये वार्षिक हप्त्याचा, दोन लाखांचा अपघात विमा सुरू केला. पगार दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत जातो, तपशिलासह.

महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ 2008 च्या कायद्याने झालं आहे. अठरा ते साठ वयाच्या घरकामगार बाईला त्यात नोंद करता येते. कामगार उपायुक्त कार्यालयात जायचं. तिथे काम देणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं, ते आपण स्वतःहून द्यावं. बाहेरून आलेल्यांचं घोडं राहण्याच्या पुराव्यावर अडतं. पासबुकावर पुण्याचा पत्ता छापून घेतला तो इथे उपयोगी पडला. नोंदणीचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. ती तारीख त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली आहे.

झोपायची जागा म्हणून हॉल दाखवू नये. आमच्याकडे जादा खोली नाही, म्हणून अभ्यासाच्या खोलीतलं टेबल हलवलं, खाट टाकली आणि दाराला आतून कडी बसवली. 112 (तातडीची मदत) आणि 181 (महिला हेल्पलाइन) हे नंबर तिच्या फोनमध्ये घातले. लैंगिक छळाची तक्रार घरकामगार बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करू शकते, हेही सांगितलं, आमच्या घरातल्या माणसांविरुद्धसुद्धा.

अकरा महिन्यांनी एक महिना भरपगारी रजा आणि जाण्यायेण्याचं तिकीट, असं कागदावर आहे. तिला नाताळला घरी पोचायचंय. रांचीजवळच्या हटियाला जाणारी हटिया-पुणे एक्सप्रेस रोज नसते आणि आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणून 20 डिसेंबरच्या आसपासच्या गाडीसाठी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच सकाळी आठला तयारीने बसावं लागतं. परतीचं तिकीटही त्याचं आरक्षण उघडलं की काढायचं, पण ते तिच्या हातात द्यायचं. यायचं की नाही ते ती गावाहून कळवेल. तिची इथली शिल्लक रक्कम मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी खात्यात पूर्ण जमा झालेली असेल.