नवतपातलं पाणी

नवतपा, उन्हाळ्यातले ते सगळ्यात तापते नऊ दिवस, सुरू होता. दुपारी दोनला, कुत्रंही सावली सोडत नाही अशा वेळी, मानेवाड्याचे एक रिटायर्ड मास्तर माझ्या नागपूरच्या नंदनवनातल्या गॅरेजवर गाडी घेऊन आले. चार सिलिंडरची साधी पेट्रोल हॅचबॅक.

"भाऊ, सकाळी मिसिंग मारते. तो इंजिनचा पिवळा दिवा टिमटिमते. दहा मिनिटं चालवली का गप्प. दोन कॉइल बदलून झाल्या जी." डिकीतून त्यांनी जुन्या कॉइल, प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या, काढून दाखवल्या, कागदात नीट गुंडाळलेल्या.

स्कॅनरवर पी०३०३. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, तिथं पेट्रोल नीट पेटत नाही. गाडी मात्र समोर शिवणयंत्रासारखी चालत होती.

"डिलीट करून द्या ना तो कोड."

डिलीट करायला अर्धा मिनिट लागतो, पण कोडसोबत त्याची फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड लागला त्या क्षणाची नोंद, तीही पुसली जाते. ती वाचली: कूलंट ३१ अंश, स्पीड शून्य. म्हणजे सकाळी चावी फिरवल्या फिरवल्या नोंदलेला कोड. दुपारी माझ्याकडे काय सापडणार होतं?

तरी तिसरी कॉइल दुसऱ्यावर आणि दुसरी तिसऱ्यावर लावली. कॉइल खराब असेल तर कोड तिच्यामागे जाऊन पी०३०२ येतो. काढताना तिसऱ्या कॉइलच्या रबरी बूटवर पांढरी भुकटी दिसली. धूळ समजून फडक्यानं पुसली. तिथेच चुकलो. मास्तरांना बजावलं, दिवा टिमटिमला की गाडी बंद करा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनीत जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवते, आणि तो गेला तर दोन काय, बऱ्याच कॉइलचे पैसे जातील.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. दिवा लागला होता. आले तेव्हा स्कॅनर लावला, पुन्हा पी०३०३. म्हणजे कॉइल निर्दोष सुटली. उरलं काय? प्लग, इंजेक्टर, वायरिंग, कॉम्प्रेशन. पण यातलं काहून फक्त सकाळीच रुसावं? मी म्हटलं, "सर, उद्या मी येईपर्यंत चावी लावू नका."

सहाला पोचलो. गाडी भिंतीला चिकटून उभी, वर पहिल्या मजल्याच्या खिडकीत डेझर्ट कूलर, रात्रभर चाललेला. आणि टप्, टप्. पाणी विंडशील्डच्या खालच्या जाळीवर पडत होतं. बोनेट उघडलं तर जाळीच्या सांध्यातून एक ओघळ थेट इंजिनावर. तिसरी कॉइल उपसली, बूट निथळत होतं. टॉर्च मारून पाहिलं तर प्लग बसतो त्या विहिरीत पाणी, प्लगचा षटकोन बुडालेला.

आता ती भुकटी कळली. आपल्या कूलरच्या वुडवुलवर उन्हाळाभर जो पांढरा क्षार चढतो ना, तोच. ठिणगी प्लगच्या फटीत पडण्याऐवजी प्लगच्या ओल्या सिरॅमिकवरून बाहेरूनच लोखंडात उतरत होती. इंजिन तापलं की पाणी वाळायचं अन् गाडी शहाणी व्हायची.

प्लग तसाच खोलला असता तर पाणी सिलिंडरमध्ये गेलं असतं. कॉम्प्रेसर नव्हता, म्हणून सिरिंजला पातळ नळी लावून उपसलं, फडक्यानं टिपलं, मग प्लग काढला. सिरॅमिकवर उभी काळी रेघ, पेन्सिलनं ओढल्यासारखी.

वरून मॅडमनी विचारलं, "काय झालं जी?"

"तुमचा कूलर गळते," मास्तर म्हणाले.

"मग गाडी सरकवा. कूलर नाही बंद होणार."

या दिवसांत नागपूरच्या घरात याच्यावर वाद नसतो.

नवीन प्लग टाकला, बूट बदललं, जाळीचा सांधा बंद केला. आधीच्या मिस्त्रीला मी तरी काय म्हणू, मीही पहिल्या दिवशी क्षार पुसूनच टाकला होता. गॅरेजवर आणून डिकीतल्या दोन्ही कॉइल नवीन बूट चढवून त्याच इंजिनावर चालवल्या. दोन्ही ठणठणीत. मास्तर त्या हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, मग पुन्हा कागदात गुंडाळून डिकीत ठेवल्या.