बुडी आणि परतीचे विमान

स्कूबा डायव्हिंगमधील अर्धे धोके समुद्रात उतरण्यापूर्वीच, सहलीचे वेळापत्रक आखताना टळू शकतात, आणि इंदूरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातून अंदमानला निघणाऱ्यांनी तर हे घरी बसूनच पाहावे. माझ्या भाच्याला मिळालेल्या वेळापत्रकात अखेरच्या दुपारी चिडिया टापूला दोन बुड्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चेन्नईचे विमान होते. कागदावर हे सोयीचे दिसते. प्रकृतीच्या दृष्टीने मात्र ते चुकीचे आहे.

बुडी मारताना पाठीवर घेतलेल्या सिलिंडरमध्ये निव्वळ ऑक्सिजन असतो असा आपल्याकडे सर्रास समज आहे. प्रत्यक्षात त्यात बहुधा दाबाखाली भरलेली साधी हवाच असते. दर 10 मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो आणि त्या दाबाने हवेतला नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळत जातो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. परंतु विमानाच्या केबिनमधील दाब जवळजवळ 2,400 मीटर उंचीवरील दाबाइतका कमी असू शकतो, त्यामुळे उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू किंवा मेंदूला इजा पोहोचू शकते. म्हणूनच एका साध्या बुडीनंतर किमान 12 तास आणि एकाहून अधिक बुड्यांनंतर किमान 18 तास विमानात बसू नये, असे सांगितले जाते. मी स्वतः पूर्ण एक दिवस सोडण्याच्या मताचा आहे. भाच्याने बुड्या सहलीच्या सुरुवातीला घेऊन अखेरचा दिवस सेल्युलर जेलसाठी ठेवला.

दुसरी गोष्ट डायव्हिंग केंद्र बुडीपूर्वी भरून घेते त्या वैद्यकीय प्रश्नावलीची. दमा, अपस्मार, हृदयविकार, फुप्फुसाचे जुने दुखणे, कानाची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण यांपैकी काहीही असल्यास ‘पैसे भरले आहेत’ म्हणून ‘नाही’ लिहिणे हा शुद्ध अविचार आहे. इंदूरमध्येच डॉक्टरांना विचारून निघावे. सर्दीने कानाला दडे बसले असतील तर बुडी रद्दच करावी. नाक मोकळे करणाऱ्या औषधाचा परिणाम पाण्याखालीच ओसरला, तर वर येताना कानात अडकलेली हवा फार यातना देते. पाण्यात श्वास कधीही रोखून धरू नये, कारण 10 मीटरवरून वर येताना फुप्फुसातली हवा आकारमानाने दुप्पट होते.

बुडीनंतर काही तासांनी सांधे दुखू लागले, हातापायांना मुंग्या आल्या किंवा विलक्षण थकवा वाटला, तर ‘बोट लागली असेल’ म्हणून झोपून जाऊ नये; ही नायट्रोजनच्या त्याच बुडबुड्यांची लक्षणे असू शकतात. अशा रुग्णाला ताबडतोब शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो आणि खरा उपचार रिकम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद कक्षात होतो. प्रत्येक बेटावर असे चेंबर नसते. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी डायव्हिंग केंद्राला तीन प्रश्न विचारावेत: बोटीवर ऑक्सिजन आहे का, तो चेंबरपर्यंत पुरेल का, आणि तिथपर्यंत रुग्णाला नेण्याची सोय कोणती. विम्यात चेंबरच्या उपचाराचा खर्च धरला आहे का, हेही पाहावे. लक्षद्वीपसारख्या ठिकाणाहून रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवावे लागले, तर ते शक्य तितके खालून उडवावे लागते, कारण उंचीने त्रास वाढतो. ही गोष्ट वैमानिकाला बुडीची वेळ व खोली सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून ती नोंद सोबतच्या माणसाजवळ लिहून ठेवलेली असावी.