बाबांच्या फाईलमधला एसओएस

मागच्या महिन्यात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डिस्चार्जचं तर तुम्हाला माहितीच आहे, डॉक्टर सकाळी दहाला हसत 'जा घरी' म्हणतात आणि इन्शुरन्सवाल्या टीपीएचं (क्लेम बघणारी कंपनी) अप्रूव्हल येऊन बिल क्लिअर होईपर्यंत संध्याकाळचे सात, मग भर ट्रॅफिकमधून भांडुप. सिस्टरने औषधं समजावली ती लिफ्ट येईपर्यंतच्या दोन मिनिटांत, मी एका हातात पिशव्या आणि दुसऱ्या हातात बाबा धरून नुसती मान हलवली.

घरी आल्यावर फाईल उघडली. अँटिबायोटिकपुढे बीडी (बाबा लगेच, 'बघ, बिडी चालेल म्हणतायत'), अ‍ॅसिडिटीच्या गोळीपुढे ओडी आणि पॅरासिटामॉल ६५० पुढे एसओएस. आई म्हणाली, अगं एसओएस म्हणजे जहाज बुडायला लागलं की पाठवतात ते ना, म्हणजे ही अगदी इमर्जन्सीची गोळी, उगाच द्यायची नाही. मलाही पटलं! आणि ती पाकिटासकट देवघराच्या खणात गेली.

रात्री दोनला बाबा उशीला घट्ट धरून बसलेले, कपाळावर घाम. 'दुखतंय का?' तर 'थोडंसं'. हॉस्पिटलला फोन केला, आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) राऊंडला आहेत, करतील फोन. नाही केला.

शेवटी स्टेशनबाहेरचं रात्रभर उघडं असणारं मेडिकल गाठलं. तिथले काका चष्मा वर करून हसले. म्हणाले, हे लॅटिन आहे, सि ओपुस सिट, म्हणजे गरज असेल तर, आपल्या भाषेत 'लागली तर'. जहाजवाला वेगळा, त्याला तर फुलफॉर्मच नाही. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, ओडी एकदा, टीडीएस तीनदा (हो, इन्कम टॅक्सवाला नाही), एचएस झोपताना. आणि मग जे फाईलमध्ये कुठेच नव्हतं ते सांगितलं, की लागली तर म्हणजे लागेल तितकी नाही, दोन गोळ्यांमध्ये सहा तास सोडा, २४ तासांत चारच्या वर नको, आणि सर्दीतापाची दुसरी गोळी देणार असाल तर आधी पाकीट वाचा, त्यात पण पॅरासिटामॉल असतं, डबल होतं ते लिव्हरला वाईट.

गोळी दिली, तासाभरात बाबा घोरायला लागले. सकाळी मी हॉस्पिटलला परत फोन करून हेच सगळं आरएमओकडून कन्फर्म केलं, ते म्हणाले, हो बरोबर, एवढं सांगितलं नाही का तुम्हाला? मी काय बोलणार.

खरी गोची पुढे होती, कारण 'लागली तर' हे ठरवायचं बाबांनी आणि त्यांना ४० वर्षांत कधी काहीच लागलं नाहीये. मग आईने फ्रीजवर कागद चिकटवला, शून्य ते दहा, दुखणं किती ते बाबांनी बोट ठेवून दाखवायचं, पाचच्या वर गेलं की गोळी, शेजारी टाइम लिहायचा. चार दिवस बाबांचं बोट चारावरच, आणि आई त्यांच्या तोंडाकडे बघून सहा लिहायची.