‘निल’ लिहिण्याआधी

लॅबमधल्या सगळ्या तपासण्यांत मला आवडते ती संडासची. हसू नका. रक्ताचं बरंचसं काम आता मशीन करतं, आकडे छापून येतात. इथे मात्र अजून काडी, स्लाइड, एका टोकाला सलाईनचा थेंब, दुसऱ्या टोकाला आयोडीनचा, आणि आपले डोळे.

खरी अडचण डबीची. पातळ संडासातला जिवंत अमिबा पाहायचा तर नमुना अर्ध्या तासात स्लाइडवर हवा. नंतर त्याची हालचाल थांबते, मग तो कुठला नि पू-पेशी कुठली, सांगणं कठीण. आमच्याकडे पहाटेची डबी एसटीनं अकरा वाजता पोचते. कुणी तीत लघवीही मिसळलेली असते.

जिआर्डिया हा आतड्यातला एकपेशी परजीवी. ताजा असला तर गळणाऱ्या पानासारखा डुलत जातो. एकदा पाहिला की ओळख पक्की. पण तो रोज पडत नाही. म्हणून एक-एक दिवस सोडून तीन नमुने मागायचे असतात. आणतो कोण? एका डबीवर ‘निल’, म्हणजे काही सापडलं नाही, असा रिपोर्ट जातो, पोट बिघडलेलंच राहतं.

त्यामुळे ‘इतक्या टक्के रुग्णांत परजीवी’ असं वाचलं की मी आधी बघते, नमुना एक की तीन? नुसती स्लाइड, की नमुना गाळून, फॉर्मॉल-ईथर ही रसायनं घालून, मशीनमध्ये फिरवून खालचा साका पाहिला? अंकुशकृमीची अंडी थोडी असली तर साक्यातच सापडतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर जेमतेम 4 ते 6 मायक्रॉनचा. स्लाइडला झील-नील्सन पद्धतीचा थोडा बदललेला खास रंग दिल्याशिवाय हमखास सुटतो, आणि तो रंग डॉक्टरांनी लिहून दिला तरच होतो. न शोधलेला परजीवी टक्केवारीत येणार कुठून? अमिब्याचं उलट. आजार करणारा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार या दोन जातींच्या सिस्ट, म्हणजे कवचातले अमिबा, सारख्याच दिसतात, तांबड्या पेशी गिळलेला अमिबा दिसला तरच खात्रीनं बोलता येतं. तेव्हा तो आकडा फुगलेलाही असू शकतो.

2015पासून शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोल ही जंताची गोळी देतात. गोल जंतांची अंडी मला पूर्वीपेक्षा कमी दिसतात, जिआर्डिया मात्र आहे तिथेच. 400 मिलिग्रॅमच्या एका गोळीला तो दाद देत नाही. आया मात्र चिडतात.

“ताई, जंताची गोळी शाळेत दिली की हो!”

“ती जंतांची. हा जंत नव्हे. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा, ते वेगळं औषध देतील.”

“आणि धाकटीचा निल आलाय, तिचं काय?”

“तिची परवा परत आणा. जमलं तर इथे येऊनच द्या.”