आबांचा राहिलेला पाय

आबा एसटीत कंडक्टर होते. परभणी-गंगाखेड-परळी, दिवसभर उभं. घरी आले की पाय भिंतीला लावून पडायचे. पोटरीवर निळ्या शिरांच्या गाठी, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स. घोट्याच्या वर आतल्या अंगाला जखम झाली, ती दोन वर्षं भरेना. हळद झाली, मलमं झाली. शेवटी 1994 ला औरंगाबादला ऑपरेशन. जांघेत चीर, खाली चीर, आत तार घालून अख्खी शीर ओढून काढली. ही तारेची युक्ती बॅबकॉक नावाच्या अमेरिकन सर्जनची, 1907 सालची. म्हणजे आबांवर 87 वर्षांची जुनी रीत वापरली! मांडी कितीतरी दिवस काळीनिळी होती. डॉक्टरांनी दुसऱ्या पायाचं विचारलं तर आबा म्हणाले, "एकच बास झाला, साहेब."

मारियस नावाच्या रोमन सेनापतीचीही हीच गोष्ट सांगतात. एका पायाच्या शिरा कापून घेतल्या, दुसरा पाय पुढं केलाच नाही. त्याला तर भूलही नव्हती.

मी कापडाच्या दुकानात 22 वर्षं उभा. गेल्या मे महिन्यात माझीही पाळी आली. लातूरच्या डॉक्टरांनी उभं करूनच डॉप्लर सोनोग्राफी केली, रक्त कुठल्या दिशेनं वाहतं ते दाखवणारी. म्हणाले, शिरांत झडपा असतात, त्या रक्त वरच जाऊ देतात. त्या सैल पडल्या की रक्त खाली येऊन साचतं. मी म्हणालो, "म्हणजे विहिरीतला फुटबॉल गळतोय." (फूट व्हॉल्व्ह हो, पाइपातलं पाणी परत खाली येऊ न देणारी झडप. आमच्याकडं फुटबॉलच म्हणतात.) डॉक्टर खळखळून हसले. घरी शेती असणार.

गुडघ्याजवळ सुई टोचली, शिरेभोवती भुलीचं पाणी सोडलं आणि आत बारीक तार सरकवून लेसरच्या उष्णतेनं शीर जागच्या जागी बंद केली. "मग रक्त वर कसं जाणार?" तर बहुतेक रक्त खोलवरच्या शिरा नेतात, ही वरची बिघडलेली बंद झालेलीच बरी. टाका एकही नाही. दुपारी माझ्या पायानं बाहेर आलो.

त्रास झाला तो मोज्यांचा. परभणीचा मे, आणि मांडीपर्यंत घट्ट मोजा! चढवताना बायको आणि मी दोघं घामाघूम. आबा खुर्चीतून बघत होते. जखम होती तेव्हा ते रोज सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी क्रेप बँडेज गुंडाळायचे.

"लेसर नवा असंल, पट्टी माझीच हाय," म्हणाले.

थोड्या वेळानं लुंगी वर करून स्वतःचा डावा पाय निरखत बसले.

"लई दुखलं का रे?"

"नाही, आबा."

गुरुवारची वेळ घेतलीय.